मी 'जमतं' म्हणाले, तेव्हा

प्रिय घारे,

दुपारचे तीन वाजलेत आणि आमच्या आयसीयूत इतकी शांतता आहे की खरं वाटू नये. आठही खाटांवर माणसं आहेत, आठही यंत्रं आपापल्या सुरात टिकटिकताहेत, आणि पश्चिमेच्या खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा फरशीवरून अगदी सावकाश, कुणाला जाग येऊ नये अशा बेताने सरकतो आहे. हो, आता आपल्याकडे खिडक्या आहेत! तू होतीस तेव्हा आपण तळघरात होतो, बाहेर उजाडलंय की मावळलंय हे भिंतीवरच्या घड्याळाला विचारावं लागायचं. आता तिसरा मजला. बाहेर एक मोठं झाड आहे. त्याचं नाव मला अजून माहीत नाही, तू पहिल्याच दिवशी शोधून काढलं असतंस. माझ्या खोलीचं दार उघडं ठेवून, एक कान आत देऊन हे लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर जवळच्या औषधाच्या दुकानात दाखव, ते लोक काहीही वाचतात.

गेल्या आठवड्यात तू स्वप्नात आलीस. आपल्या जुन्या तळघरात गुडघाभर पाणी होतं, पण कुणीच घाबरलेलं नव्हतं. खाटा होड्यांसारख्या हलत होत्या आणि तू पाण्यातून चालत एकेकाचं पांघरूण सारखं करत होतीस. मी दारात उभी राहून तुला हाका मारत होते. तुला ऐकू येत होतं, मला ते कळत होतं, पण तू वळली नाहीस. रागाने नव्हे गं, कामात होतीस म्हणून. जाग आली ती माझ्याच हाकेने. नऊ वर्षं झाली तू इथून जाऊन, आणि आपल्या फोनवरच्या गप्पा मुलांच्या उंचीपलीकडे जात नाहीत. तेवढं सांगून टाकते, माझा लेक आता माझ्या हनुवटीपर्यंत आलाय आणि आत्तापासूनच मला 'बुटकी' म्हणतो. मला, लंबूला! सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, त्या मात्र कुरकुरत नाहीत. आपल्या मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. निरोप समारंभात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घारी कुठंय?"

आठवतं, अकरा डॉक्टरांत आपण दोघीच बायका होतो? कपडे बदलायला एकच खोली, तीही पुरुषांची. आपण चादरींच्या कोठीत घुसायचो, एक आत गेली की दुसरी दाराला पाठ लावून उभी. त्या कोठीतला धुतलेल्या कापडाचा ऊबदार वास अजून कधी आला ना, तर मला क्षणभर चोवीस वर्षांची झाल्यासारखं वाटतं. माझ्या हातून पहिला रुग्ण गेला, त्या दिवशी मी तिथेच बसले होते. तू आलीस, शेजारी बसून माझ्या खांद्याला खांदा लावलास. दहा मिनिटांनी म्हणालीस, "चल, तीन नंबरच्या बाईंचा ताप बघायचाय." त्या दिवशी मी नोकरी सोडणार होते. हे तुला कधी सांगितलंच नाही.

आणि तुझं ते बेशुद्ध माणसांशी बोलणं! आम्ही हसायचो. श्वासाच्या नळीवर असलेल्या, डोळे मिटलेल्या माणसाच्या कानाशी वाकून तू सांगायचीस, "आज बुधवार आहे, सकाळचे दहा वाजलेत, बाहेर थंडी पडलीये, तुमच्या मुलीने निळा स्वेटर घातलाय." या हिवाळ्यात एक म्हातारे शिंपीकाका तपासणीला आले. दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे सतरा दिवस होते. त्या सतरा दिवसांतलं त्यांना काही आठवत नाही, फक्त एक लांबच लांब धुकं, आणि त्यात एक बाई वार सांगत होती एवढं आठवतं. म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मी त्या वारांना धरून धरून परत आलो. त्या आहेत का इथे?" मी म्हटलं, नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तुला मीच कुठेतरी ठेवलं होतं आणि जागा विसरले होते.

खरं सांगू? तसंच काहीसं आहे. आता मी ज्या गोष्टीकडे जायला इतकी पानं टाळाटाळ करते आहे, तिच्याकडे येते.

तुझी लेक सात महिन्यांची होती. तू अर्ज दिला होतास, एक वर्ष अर्धा वेळ काम द्या म्हणून. मोठ्या सरांनी तो नाकारला आणि तू राजीनामा दिलास, एवढं तुला माहीत आहे. सर जुन्या वळणाचे, त्यांना ते पटलंच नसतं, असं तू मला स्वतः म्हणालीस. वर माझीच समजूत घातलीस. पण घारे, सरांनी तो अर्ज लगेच नाकारला नव्हता. त्यांनी आम्हा चार वरिष्ठांना खोलीत बोलावलं. कागद समोर ठेवला, चष्मा काढून पुसला, आणि खरंच विचारात पडल्यासारखे दिसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हालाही लहान मूल आहे. तुमचं जमतंय ना पूर्ण वेळ?"

मी म्हणाले, "जमतं."

बस, एवढंच. सरांनी चष्मा लावला, म्हणाले, "मग झालं तर." कागद दुसऱ्या कागदांखाली गेला. सबंध गोष्टीला चहाचा कप निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

आणि जमत नव्हतं गं. त्याच महिन्यात माझा लेक सासूबाईंना 'आई' म्हणायला लागला होता आणि मला बघून त्यांच्या पदराआड लपायचा. मी घरून निघताना हसत निघायचे आणि चादरींच्या कोठीत येऊन तोंडात टॉवेल कोंबून रडायचे. तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस, दाराला पाठ लावायला कुणी नव्हतं. पण त्या खोलीत, त्या चार पुरुषांसमोर, मला वाटलं की 'नाही' म्हटलं तर दोघी जाऊ. आणखीही एक वाटलं, तेही लिहिते. तू गेलीस तर पुढची बढती माझी, हे मला त्या क्षणी माहीत होतं. दोन्हींतलं कुठलं जड होतं हे मी नऊ वर्षं स्वतःला विचारते आहे. बढती मिळाली. काम मनापासून केलं, हेही खरं. या कामाने मला जे दिलं ते दुसऱ्या कशानेही दिलं नसतं. एखाद्याची नळी काढल्यावर तो पहिल्यांदा खरखरत्या आवाजात पाणी मागतो ना, त्या क्षणासाठी मी अजूनही धावत येते. पण प्रत्येक वेळी मान वळवून बघते. हे जिला सांगावं ती शेजारी नसते.

मागच्या महिन्यात आमच्याकडची सगळ्यात हुशार मुलगी माझ्या खोलीत आली. सहावा महिना, पाय सुजलेले, राजीनामा लिहून आणलेला. हात आहे तिचा, तुझ्यासारखा, सुई कशी आत जाते रुग्णाला कळतही नाही. खुर्चीच्या कडेवर टेकून विचारते, "मॅडम, तुम्ही कसं जमवलंत?" माझ्या जिभेवर तोच शब्द आला, सवयीने. ती इतक्या आशेने बघत होती की माझ्याच्याने तो बाहेर काढवेना. मी म्हटलं, "नाही जमवलं. जमल्याचं दाखवलं. आणि त्यापायी एका फार चांगल्या डॉक्टरला घालवलं." मग तिला सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसंच. ती रडली, मी रडले, बाहेरून सिस्टर डोकावून गेल्या. तिने कागद घडी करून खिशात घातला, फाडला मात्र नाही. म्हणाली, "मी थांबते. पण तुम्ही काय बदलणार ते सांगा." हल्लीच्या मुली अशा थेट विचारतात, आणि बरं करतात.

म्हणून मी संचालकबाईंकडे गेले. तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा वाद घातला, तिसऱ्यांदा वेळापत्रक मागितलं. आता आमच्याकडे अर्ध्या वेळाच्या दोन जागा मंजूर आहेत, त्यातली एक त्या मुलीची. पण पत्रात इथवर येऊन मला सांगायचं होतं ते वेगळंच आहे. मोठे सर पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत आणि विभागप्रमुखाची जागा मला देऊ केली आहे. मी लेखी कळवलं, घेईन, पण अर्धीच. दोन प्रमुख, अर्धा अर्धा आठवडा. दुसरं नाव तुझं दिलं आहे, आणि त्यासोबत त्या बैठकीत काय झालं होतं तेही संचालकबाईंना लिहून दिलं आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माफी वेगळी आहे, तिला तू हवा तेवढा वेळ घे, नाही दिलीस तरी जागेचा त्याच्याशी संबंध नाही. नाही म्हणालीस तर मी दुसरी कुणी शोधेन, जागा मात्र अर्धीच घेईन. मला फक्त एवढं कळव, सोमवार ते बुधवार दुपारपर्यंत तू घेशील का, की तुझ्या लेकीच्या शाळेमुळे तुला आठवड्याचा दुसरा भाग बरा पडेल?

उत्तराची वाट बघणारी, नऊ वर्षं उशिरा खरं बोललेली,
तुझीच
लंबू