छपराखालचा बर्फ

८ जानेवारी
आज अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातल्या या खेड्यात अस्मादिकांचे सहर्ष आगमन झाले. छप्पर असलेला जुना लाकडी पूल जीर्णोद्धारार्थ माझ्या स्वाधीन केला आहे. तो किंचित डावीकडे कलला आहे; मीही कलतो, तेव्हा आमचे जमेल. मार्चमधील ग्रामसभेत निर्णय आहे: पूल धडधाकट दिसला तर राहील, नाहीतर पाडून सिमेंटचा बांधतील. घरमालकीण हेप्झिबाबाईंनी गुळचट घेवडा वाढला आणि "तुम्हा सपाटीवाल्यांना सुतारकाम येतं होय?" अशी स्वागतपर पृच्छा केली. इथे परराज्यातला प्रत्येकजण 'सपाटीवाला'; वास्तविक मी शेजारच्याच राज्यातला, डोंगरातलाच.

१७ जानेवारी
कुजक्या फळ्या काढून स्प्रूस लाकडाच्या नव्या ठोकल्या. आज पाहतो तो छपराखाली बर्फाचा सपाट थर! बाई फावड्याने पसरत होत्या. पूर्वी हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाड्यांच्या लोखंडी पट्ट्या कोरड्या फळ्यांवर अडत, म्हणून पुलात बर्फ अंथरायला गाव माणूस नेमी. तो माणूस म्हणजे बाईंचे आजोबा. एका हिवाळ्यात ते रुसून बसले; बर्फ अंथरलाच नाही. डॉक्टरची गाडी मध्यावर अडली, घोडा बिथरला आणि सारे भिंत फोडून नदीत. "तेव्हापासून आम्ही चुकवत नाही, बाबा." ओलीने फळ्या फुगतात, सांधे सुटतात, यावर मी सविस्तर प्रवचन दिले व थर झाडून काढला. त्या म्हणाल्या, "झाडा, झाडा. मग डॉक्टरलाही हेच ऐकवा."

२९ जानेवारी
भरदुपारी लाकडावर लोखंड घासल्याचा आवाज. आत कोणी नाही. नव्या फळ्यांवर दोन समांतर ओरखडे, पूर्वेच्या तोंडाकडून आत शिरलेले. रंधा मारला. प्रेतात्म्यांनीही सार्वजनिक मालमत्तेचा आदर राखावा.

९ फेब्रुवारी
ओरखडे परतले; रोज थोडे पुढे. बाई काकुळतीला आल्या: "एक फावडं टाकू द्या हो. मूठभर." नाही. फळ्या फुगल्या तर सभेत पूल मेला. ज्यास अडावयाचे त्याने खुशाल अडावे.

१८ फेब्रुवारी
ओरखडे मध्यापर्यंत आले. तिथेच संपतात. शेजारची भिंत बाहेर फुगली आहे, घोड्याच्या छातीएवढी. खुंट्या आतून उपसलेल्या. पुन्हा ठोकल्या. ठोके सरळ पडले.

१ मार्च
उद्या सभा. भिंत आणखी फुगली. बाईंनी फावडे पुलाच्या तोंडाशी ठेवले. मी ते उचलले नाही. मध्यावर स्टूल टाकून भिंतीला पाठ लावून बसलो आहे. बाहेर लख्ख ऊन.

घासत येते आहे. पूर्वेकडून—

दिसत काही नाही. घोड्याचा श्वास— तोंडावर— थंड—

गाडी थांबली.

पाठीमागे लाकूड करकरते— टेकून आहे— हलणार नाही—

डॉक्टरमहोदय, खाली उतरा. ढकलायला मी आहे. परंतु ही भिंत मी फुटू देणार—