आईचे हात, गेमसाठी

आई, मी अकोल्यात बसून कॉम्प्युटरवर खोटी भांडी घडवते, हे कळलं असतं तर तू आधी हसली असतीस आणि मग मला खरी भांडी घासायला लावली असतीस. मोबाइलवरच्या गेममध्ये घरं, झाडं, माणसं दिसतात, ती कोणीतरी एकेक करून बनवतं. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी ते घरूनच करते. काम चांगलं करते, असं सगळे म्हणतात. वेळेवर देत नाही, असंही सगळेच म्हणतात. या वेळी तर स्पष्ट सांगितलं की शुक्रवारपर्यंत दिलं नाही तर पुढचं काम दुसऱ्याकडे जाईल.

काम म्हणजे एक स्वयंपाकघर. खेळणारा उन्हातून धावत येतो, एक बाई त्याला पाण्याचा गडवा देते, तो पिऊन पुढे पळतो. एवढंच. पण मी भिंतीला टेकलेल्या भांड्यांच्या मांडणीची मागची बाजूसुद्धा गंजासकट घडवली. गव्हाच्या कोठीचं झाकण कधीच उघडणार नाही, तरी तिला आतून पत्र्याचे जोड दिले. हे सगळं साध्या फोनला झेपेना, गेम त्या घराच्या दारातच अडकून बसू लागला. अति तिथे माती, दुसरं काय. आमचे प्रमुख माझ्याहून लहान आहेत. ते रागावले नाहीत, फक्त विचारलं की ताई, मांडणीच्या मागे कोण जाणार आहे? मी दिवसभर त्यांच्यावर चिडून होते, कारण हेच तू मला केव्हाच बोलून गेली होतीस.

महालक्ष्म्या बसवायचा दिवस. अमरावतीच्या घरी त्या वर्षी साड्या नेसवायचं काम तू पहिल्यांदा माझ्यावर सोडलेलं. मी जेठीच्या, थोरल्या महालक्ष्मीच्या, निऱ्या घालते, सोडते, पुन्हा घालते. समोरचं जमलं, तर पाठीकडची चुणी डोळ्यांना खुपते. बाहेर गल्लीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन ताटकळल्या आहेत, मुहूर्त टळत आला आहे. तू येतेस, मागचा सगळा घोळ मुठीत धरतेस आणि एका पिनेत अडकवून मोकळी होतेस.

“कावून वं, देवीले मागून कोण पाहून राहिलं? पुढून नीट दिसते नं? मंग हो बाजूले.”

मी रडले होते. तू देवाच्या कामात लबाडी करतेस असं वाटलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही थोडं वाटतं.

तरी या वेळी मी तुझं ऐकलं. मांडणीची पाठ पुसून टाकली, कोठी आतून रिकामी केली. गेम सुरळीत चालू लागला. मग माझं घोडं अडलं ते त्या बाईच्या हातांशी. गडवा देताना ते अगदी डोळ्यांसमोर येतात, तिथे पिनेने भागत नाही. कोणालाही न सांगता मी ते तुझे करायला घेतले होते. तुझ्या मनगटावर तव्याचा चट्टा होता, पण कोणत्या हाताला? एकेक फोटो पाहिला. प्रत्येकात तुझे हात पदराखाली. शेवटी बाबांना फोन केला.

“होता खरा,” बाबा म्हणाले. “पण कोन्त्या हाताले, मले आता ध्यानात नाई बापा.”

फोन कोणी ठेवला तेही लक्षात नाही.

मग मी तो चट्टा या हातावरून त्या हातावर करत राहिले. नखं बदलली, शिरा बदलल्या, आणि प्रमुखांना सांगत राहिले की थोडी सफाई उरली आहे. शुक्रवारी दुपारी चट्टा डाव्या हाताला ठेवून दिला आणि काम पाठवलं. संध्याकाळी निरोप आला की छान झालंय, पुढचं घर तुम्हीच करा. चट्ट्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी नुसती खुर्चीत बसून राहिले.

हे पत्र कुठेच जायचं नाही म्हणून लिहिता येतंय. लोकांना मी सांगते की नीट झाल्याशिवाय काम माझ्या हातून सुटत नाही. तसं काही नाही, आई. मला तुझे हात आठवत नाहीत, आणि ते कबूल करावं लागू नये म्हणून मी इतके दिवस ते घडवत बसले होते.