अकराचं मौन

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
शनिवार, दुपारचे तीन

तीर्थरूप सिस्टर अक्का हिस,

धाकट्या गोकुळचा वाकून नमस्कार आणि जय ख्रिस्त.

(तुझ्या नावाआधी काय लावावं या विचारात माझी पाच मिनिटं गेली. सौ. लावावं तर तू लग्न केलं नाहीस, कु. लावावं तर तुला परवा त्रेसष्टावं लागलं, आणि नुसतं सिस्टर लिहावं तर तुमच्या कॉन्व्हेंटात सगळ्याच सिस्टर, पाकीट भलतीच कोणी फोडेल. म्हणून सिस्टर आणि अक्का, दोन्ही लिहिलंय.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढणं बंद केलंस का, का अजून सकाळच्या प्रार्थनेला वरच्या मजल्यावरच जातेस? इकडं सगळे ठीक. विशाखाची शुगर औषधानं जाग्यावर आहे. ऋतुराज पुण्यात आहे आणि तिथंच राहणार असं त्यानं घेतलेल्या सोफ्यावरून दिसतं. मी आहे तसाच आहे, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा आणि दमलेला. ईस्टरपासून तुझा फोन उचलला नाही म्हणून तू रागावली असशील. त्याचं कारण मौन. मौनाचा सल्ला तुझाच होता, तेव्हा त्याचं पुढं काय झालं तेही तूच वाच.

तुला आठवत असेल, उपवासकाळ सुरू होताना मी पत्रात विचारलं होतं की मोठ्या कंपनीनं गाडीच्या ब्रॅकेटचं दुप्पट काम देऊ केलंय, घेऊ का नको. घ्यावं तर तिसरी प्रेस बसवून या वयात नव्यानं धावपळ करायची, न घ्यावं तर कंपनी आहे तेही काम उचलून दुसरीकडं नेणार आणि माझी सात माणसं घरी बसणार. असल्या प्रश्नाला बाकीचे कारखानदार सीएकडं जातात, फार तर पत्रिका काढून ज्योतिषाकडं. तू उलट लिहिलंस, आतल्या शांततेत जा, देव बोलेल. अक्का, तीस वर्षं पॉवर प्रेसशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड. आमच्या शॉपमध्ये दर दोन सेकंदाला पत्र्यावर घण पडतो. तिथं देव बोलला असता तरी त्याला हातवारेच करावे लागले असते, कारण आम्ही सगळे एकमेकांशी तसंच बोलतो.

तरी गेलो. तीन दिवसांची मौनाची रिट्रीट, फादर अभय घेणारे. (वय पस्तीस, पण बोलणं असं की आपणच धाकटे वाटावं.) पहिला दिवस झोपेत गेला, हे मी पापनिवेदनात सांगितलंय, आता पुन्हा तुला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. चॅपलमध्ये बसलो होतो, चिमणीचाही आवाज नव्हता, आणि मला आतून एक बारीक, अखंड ‘सूं’ असा सूर ऐकू यायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, पवित्र आत्मा! इतकी वर्षं हाच बोलत होता आणि मी प्रेस चालवत बसलो. धावत फादरांकडं गेलो आणि चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं (मौन होतं ना). त्यांनी वाचलं, आणि खाली लिहून विचारलं की आवाज कुठं येतो. मी लिहिलं, दोन्ही कानांत, डाव्यात जरा जास्त. फादरांनी लिहिलं की पवित्र आत्मा सहसा डावा-उजवा करत नाही, परत गेल्यावर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. मला वाटलं, मोठ्या माणसाचा विनय. चिठ्ठी बायबलात ठेवून दिली.

निघताना त्यांनी निर्णय घ्यायची रीत शिकवली. कागदावर दोन रकाने आखायचे, एक वाट मनात धरून प्रार्थनेला बसायचं, समाधान वाटलं तर इकडं खूण, अस्वस्थ वाटलं तर तिकडं. मी आठ दिवस इमानानं केलं. काम घ्यावं असं धरलं की जेवणाआधी अस्वस्थ आणि जेवणानंतर समाधान. नको असं धरलं तरी हुबेहूब तेच. म्हटलं, मोठ्या प्रश्नाआधी छोट्यावर सराव करू. नवा कॉम्प्रेसर घ्यावा का, असं विचारलं. त्या दिवशी कानातला सूर असा काही वाजला की मी तो होकार धरला. कॉम्प्रेसर आला. पहिल्याच आठवड्यात गळायला लागला, अजून गळतोय. तेव्हा मला वाटलं, एकट्याच्या मौनात काहीतरी कमी पडतंय. सगळ्यांनी मिळून करायला हवं.

इथून माझी खरी चूक सुरू होते, त्यामुळं जरा सावकाश वाच. मी ठरवलं की रोज अकरा वाजता भोंगा द्यायचा, दोन्ही प्रेस बंद करायच्या आणि दहा मिनिटं सगळ्यांनी मौन पाळायचं. ज्याचा जो देव असेल त्यानं तो आठवावा, माझी जबरदस्ती नव्हती. खाली सगळीकडं तेल, बसणार कुठं, म्हणून उभ्यानं. मान खाली. मी स्वतः केबिनमध्ये टेबलामागं गुडघ्यावर. आता अक्का, तू आयुष्य कॉन्व्हेंटात काढलंस म्हणून तुला सुचणार नाही, आणि मला सुचायला हवं होतं, की आपल्याकडं माणसं मान खाली घालून ओळीनं उभी कधी राहतात.

शेजारच्या प्लॉटवर काकासाहेबांचं पावडर कोटिंग, म्हणजे पत्र्याला रंग द्यायचं शॉप आहे. गंगापूरकडचे जमीनदार, मनानं दिलदार, कुठलंही काम अर्धवट करायचं नाही हा त्यांचा स्वभाव. गेली वीस वर्षं माझ्या प्रेसच्या धमधमीवर त्यांचा दिवस चालतो. तिसऱ्या दिवशी ते गावाहून परत आले, भर अकराला एकदम शांतता ऐकली आणि गेटवर येऊन बघितलं. सात माणसं मान खाली घालून उभी आणि मालक कुठंच दिसत नाही. काकासाहेबांनी विचारलं नाही (अशा वेळी विचारणं बरं दिसत नाही म्हणे). सव्वाअकराला कारखानदार असोसिएशनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा फोटो, समई, झेंडूची फुलं आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फोटोही असा निवडला होता की जिवंतपणी मी इतका प्रसन्न कधी दिसलो नाही. त्यांनी स्वतःचं शॉप दुखवट्यानं बंद केलं, माणसांना सुट्टी दिली. बारा वाजता कंपनीचा क्वालिटीवाला हिमांशू हार घेऊन आला. गेट मीच उघडलं. तो बिचारा हार मागं लपवायला लागला, पण हार एवढा मोठा होता की दोन्ही बाजूंनी दिसत होता. विशाखाला तिच्या मामेबहिणीचा रडत फोन गेला तेव्हा ती मला डबा पाठवत होती, त्यामुळं तिला फारसा धक्का बसला नाही. संध्याकाळी काकासाहेब उलट माझ्यावरच चिडले, की निदान सांगायचं तरी होतंस. मेसेज काढा म्हटलं तर म्हणाले, “एवढ्या लोकांनी हात जोडलेत, आता काढणं बरं दिसत नाय.” तो अजून तिथंच आहे.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

दुसऱ्या दिवशी हिमांशू तपासणीला आला, अकराच्याच सुमाराला. भला मुलगा आहे. काल हार आणल्याची भरपाई म्हणून असेल, तोही आमच्याबरोबर मान खाली घालून उभा राहिला. दहा मिनिटांनी मी भोंगा दिला. सगळ्यांनी माना वर केल्या, पुंजाराम सोडून. पुंजाराम माझा पहिला माणूस. देवगाव रंगारीचा, अठ्ठावीस वर्षं एकाच प्रेसवर, बोट सोडा, नखही गेलेलं नाही. तो डोळे मिटून तसाच उभा. मी पुन्हा भोंगा दिला. कोणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघून हसला. हिमांशूनं वहीत काहीतरी लिहिलं.

त्याला कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं, प्रेसवर सगळ्यांनाच कमी येतं. अजिबात येत नाही हे माहीत नव्हतं. तो बघून बघून काम चालवत होता. पहिले तीन दिवस मौनातही तो डोळे उघडे ठेवायचा, इतरांकडं बघून मान वर करायचा, आणि डोळे मिटल्याशिवाय मौन लागत नाही असं त्याला मीच बजावलं होतं. अक्का, माझ्या प्रार्थनेनं त्याला पकडून दिलं. आठवड्यानं कंपनीचं पत्र आलं की प्रेसजवळ उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाची कानाची तपासणी करून तीस तारखेच्या आत कागद पाठवा, ज्याला ऐकू येत नाही तो प्रेसवर चालणार नाही. त्यांचंही खोटं नाही. म्हणजे प्रश्न आता काम घ्यावं का नको हा उरला नाही, काम का पुंजाराम हा झाला. मी रकाने आखले आणि फाडून टाकले.

गुलमंडीच्या अलीकडं एका कानाच्या डॉक्टरांकडं आम्ही सगळे गेलो. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण; आवाज आला की दाबायचं. पुंजारामनं सुरुवातीला धडाधड बटणं दाबली. मला आशा वाटली. मग टेस्ट घेणाऱ्या मुलीला कळलं की हा काचेतून तिच्या हाताकडं बघतोय. तिनं खुर्ची फिरवली आणि पुंजारामचं बटण थांबलं ते थांबलंच. शेवटी, प्रेसजवळ मीही उभा राहतोच म्हणून, मला बसवलं. दार लागलं. अजून सुरू केलं नसेल, म्हणून मी वाट बघत बसलो. आणि खरं सांगतो, इतकी सुंदर शांतता मला रिट्रीटमध्येही मिळाली नव्हती. तो एक आतला सूर सोडला तर काही नाही. मी डोळे मिटले, पुंजारामसाठी प्रार्थना केली, आईची आठवण आली, मन हलकं झालं. बराच वेळ गेला. मग दार उघडून ती मुलगी खुणेनंच म्हणाली की काका, झाली टेस्ट.

मी एकदाच बटण दाबलं होतं, तेही चुकून.

डॉक्टर म्हणाले, प्रेसच्या आवाजानं बारीक आवाज आधी जातात, आणि ते परत येत नाहीत; आतला सूरही त्याचाच. कानात घालायचे बोळे माझ्या शॉपमध्ये डबाभर पडून होते, तीस वर्षं. बोळे घातले तर मशीनचा आवाज कसा कळणार, असं मीच म्हणत आलो. मला त्या बाकावर फार लाज वाटली. पुंजारामची माफी मागितली. तो माझ्या तोंडाकडं नीट बघत होता, मग नेहमीसारखा मोठ्यानं बोलला (त्याला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो ओरडतो, आणि म्हणूनच मला त्याचं ऐकू येतं): “मालक, मला तर दिवसभर अकराच वाजल्याले असत्यात. लई वर्षं झाली. तुमी आत्ता आलात.”

एवढंच उत्तर मिळालं मला, उपवासकाळापासून. मी हिमांशूला लिहून दिलं की प्रेसवरून दोन माणसं उतरतायत, एक पुंजाराम आणि एक मालक. पुंजाराम तपासणीच्या टेबलावर बसेल. पत्र्याच्या काठावर राहिलेली धार त्याच्या बोटाला कळते तशी यंत्रालाही कळत नाही. हे मान्य असेल तर झेपेल तेवढंच काम द्या. परवा उत्तर आलं, दुप्पट नाही, दीडपट. पुंजाराम टेबलावर खूश नाही, बसून काम करायला मी काय कारकून आहे का म्हणतो. बाकीच्यांच्या कानांत बोळे आहेत. अकराचं मौन चालू आहे, फक्त आता मान वर आणि डोळे उघडे, म्हणजे काकासाहेबांची सोय होते.

सगळ्या सिस्टरांना नमस्कार सांग. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
गोकुळ

ता. क. फोन न उचलण्याचं कारण मौन आहे असं वर लिहिलंय, ते खरं नाही. दर रविवारी संध्याकाळी आपण फोनवर माळ म्हणतो, अर्धी नमो मरिया तू आणि पुढची अर्धी मी. नाताळापासून मला तुझी अर्धी ऐकूच येत नव्हती. तुझा आवाज आधीच आईसारखा बारीक. मी मनात अंदाज करून माझी अर्धी म्हणायचो. दोनदा तू रागावलीस, की माझं होऊ तरी दे, प्रार्थनेत कसली घाई आहे तुला. (रागावलीस ते मात्र ऐकू आलं.) त्यानंतर फोन उचलायची हिंमत झाली नाही.

पुन्हा ता. क. विशाखाला यातलं काही माहीत नाही. हाक मारली तरी मी ओ देत नाही, म्हणून तिला वाटतं की मी ध्यानात फार पुढं गेलोय, ती शेजारणींनाही तसं सांगते. कानाला मशीन लावायला डॉक्टरांनी सांगितलंय. तिला हे माझ्याच्यानं सांगवत नाही. तू सांग.

आणि शेवटचं. वर एवढं सगळं लिहिलं ते यासाठी, की सुपीरियर मदरांना विचारून एका रविवारी ये. बसस्टँडवर मी घ्यायला येईन. माळ घाईनं म्हणणार नाही. तू समोर बस, उजेडाकडं तोंड करून. तुझे ओठ थांबले की मी सुरू करीन.