बंबवाल्याची लेक

कबनूर, ७ ऑगस्ट १९५६

ती. बाबांस,
श्यामलाचे शि. सा. न. वि. वि.

बंडूला घेऊन सुखरूप पोचले. त्याला चौथा महिना लागला आणि इथे नऊ दिवस पावसाने उघडीप दिलेली नाही. दुपटी वाळत नाहीत, म्हणून सासूबाई मागच्या खोलीत शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर ती पसरतात. खोली विणकामाच्या मागांना लागूनच. मागावरून उडणारा सुताचा कापूस भिंतीवर, आढ्यावर, खिडकीच्या जाळीत बसतो. काल स्टुलावर चढून जाळी झाडली, तर सूपभर निघाला. नातवाला वारा लागू नये म्हणून सासूबाईंनी त्या जाळीत गोणपाटही कोंबलेलं. तुम्ही आगीच्या बंबावरून घरी येऊन जे सांगायचा ते आठवलं आणि मी ते उपसून काढलं.

सासूबाई रागावल्या नाहीत, हसल्या. तेच जास्त लागलं. चाळीस वर्षं कपडे असेच वाळले, म्हणाल्या. शेजारच्या बयाबाई मला आता 'बंबवाल्याची लेक' म्हणूनच हाक मारतात. संध्याकाळी गोणपाट पुन्हा जागेवर. बंडू त्याच खोलीत निजतो. भांडले तर शहरातली सून डोक्यावर बसली म्हणतील, गप्प बसले तर जिवाला चैन नाही. काय करू?

आपली श्यामला

राजारामपुरी, कोल्हापूर, ११ ऑगस्ट १९५६

चि. सौ. श्यामला हीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी आई काळजीत पडली, मी मिशीत हसलो. दिवाळीत भुईनळा पेटण्याआधी बादली घेऊन उभी राहणारी पोर तू, दुसरं काय करणार?

बावीस वर्षं बंबावर काढली. जळालेल्या प्रत्येक दारात एकच वाक्य ऐकलं, आजवर कधी काही झालं नव्हतं. तेव्हा तोंडाने वाद घालू नकोस. तो कापूस चिमूटभर तव्यावर ठेव आणि निखारा सासूबाईंच्याच हातून ठेवून घे. मग शेगडी बाहेर मोकळ्या सोप्यात न्या, कपडे हातभर वर ठेवा, शेजारी पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट असू दे. जवळ कुणी बसणार नसेल तर निखारे विझवा. जाळी मोकळीच हवी, कोंडलेल्या खोलीत कोळशाचा वायू आग न लागताही जीव घेतो. त्या वडीलधाऱ्या आहेत, मान राखून कर. पण जाळी सोडू नकोस.

तुझे बाबा

कबनूर, ४ सप्टेंबर १९५६

गणपतराव इवाई यांस बायडाबाईचा रामराम.

मी सांगतीया आणि बाळासो लिवतोय, तवा चुकलं तर तुमच्या जावयाचं.

सुनंनं तव्यावर कापूस ठेवला आणि निखारा तुम्हीच ठेवा म्हणाली. ठेवला. भप्पदिशी पेटला, माझी भुवई करपली. शेगडी उचलून सोप्यात आणली आणि जाळीतलं गोणपाट भिजवून तिच्याजवळ ठेवलं.

परवा बयाबाईनं हाक मारली म्हणून शेगडीपासनं उठून गेले. चूक माझीच. दुपटं घसरून निखाऱ्यात पडलं, डालगं पेटलं. श्यामलानं एका दमात ओलं गोणपाट टाकलं. डालगं आणि चार दुपटी गेली, माणसाला चटका न्हाय. शेगडी मागच्या खोलीत, त्या कापसाखाली असती तर? बंडू तिथंच निजलावता. इथं बाळासोचा हात थांबलाय. लिही म्हणलं.

आता शनवारी जाळी मी झाडते, सून स्टूल धरती. बयाबाईबी तिची झाडती. काल जोतिबावरनं पावणं आलतं, ही कुणाची लेक म्हणून इचारलं. बयाबाईनं तोंड उघडायच्या आत मी सांगितलं, "बंबवाल्याची लेक हाय. आमची सून हाय."

नातवाला बघायला या, आणि आमच्या घरावर माया असू द्या.

बायडाबाई