रंजनाचं दूध आणि माझी जीभ

सोम. ६ नोव्हें. २००६
ट्रेनिंगचा पहिला दिवस, भिवंडीत. विषय: अंगावरचं दूध. एकोणीस वर्षं शेलार गावची अंगणवाडी चालवतेय, दोन पोरं पाजून मोठी केली, आता मला शिकवणार! फणफणतच गेले. मॅडम अगदी पोरसवदा. शिकवायला लोकरीचे विणलेले स्तन आणलेले. बायका हसून हसून पडल्या. मीपण.
दुपारी खेळ. एकीने आई व्हायचं, दुसरीने नुसतं ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. ऐकायचं माझ्याकडे आलं. अर्ध्या मिनिटात "अगं पण तू..." म्हणालेच. हॉलभर हशा. माझी आई म्हणायची, सुमनच्या जिभेला लगाम नाही.

मंगळ. ७
आज हसू नाही.
मॅडम म्हणाल्या, पिळून बघून दूध किती ते कळत नाही. बाळ ओढतं तेव्हा येतं. आई घाबरली, लाजली की पान्हा अडतो. "किती जणी पिळून बघता?" बहुतेक सगळ्यांचे हात वर. माझा नाही. खोटारडी मेली.
पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. अंगणवाडीपासून चौथं घर, रंजनाचं. बाळ रडतं म्हणून सासूने बोलावलं. ओटीवर सासू, नणंद, शेजारीण, सगळ्यांच्या देखत मी तिचं पिळून बघितलं. दोन थेंब. वर बोलले, "दूधच न्हाय गं तुला." दुसऱ्या दिवशी घरात बाटली आली.
डबा तसाच परत आणला.
निघताना मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, आटलेलं परत येतं का? (कोणाचं ते नाही सांगितलं.) बाळ दीड महिन्याचं म्हटल्यावर म्हणाल्या, "बहुतेक येईल. सारखं अंगावर घ्यायचं. वरचं दूध एकदम तोडायचं नाही, पण बाटलीऐवजी वाटी-चमचा. वजन बघत राहा, वाढलं नाही तर लगेच डॉक्टर. मात्र आधी आईला वाटलं पाहिजे, आपल्याला जमेल."
तिला जमणार नाही हे तिला सांगितलं कोणी? मी.

बुध. ८
येताना रंजनाकडे उतरले. सासू खळ्यावर, भाताची झोडणी चाललीय. रंजना दारातच उभी. "निजलाय तो." आत ये म्हणाली नाही. खिडकीत बाटली, दूध नुसतं पांढरं पाणी. जीभ वळवळली. गिळली. पण जे बोलायला गेले होते तेही गिळलं. "बरं, येते" म्हणून चालती झाले. भित्री.

गुरु. ९
शेवटचा दिवस. आज खेळात मी आई झाले. ठरवलं नव्हतं, पण तोंडातून रंजनाच बोलायला लागली. समोर वळ गावची एक सेविका. ती फक्त "मग?" म्हणायची आणि गप्प. तिसऱ्या "मग?"ला मला रडू फुटलं. एवढ्या बायकांत! कोणी हसलं नाही.
सर्टिफिकेट मिळालं. ह्यांनी फ्रेम करूया म्हटलं. नको म्हटलं.

शनि. ११
बोलले. सासूसमोरच, कारण बोलले होते तेही तिच्यासमोरच.
"रंजना, माझं चुकलं. त्या दोन थेंबांवरून काहीच कळत नाही. तुला दूध न्हाय असं मी बोलायला नको होतं."
सासू तडकली. "बायनी सांगितला तसा केला आमी. आता बायच म्हनते चुकला?"
हो म्हटलं. चुकलंच.
रंजना खाली बघत राहिली. मीही गप्प. कधी नव्हे ते.
मग म्हणाली, "सगल्यांसमोर केलंस तू बाय. तवापासून त्याला जवल घ्यायची लाज वाटते मना. रिकामा तांब्या तोंडाला लावते असा वाटतं."
तिच्याजवळ बसले नुसती. रडली ती, मीपण. सासू आत गेली ती तिघींना चहा घेऊन आली.

बुध. १५
रोज जाते. ओटीवर नाही, आतल्या खोलीत, दार लोटून. बाळ तिच्या उघड्या छातीवर पालथं. काही करायचं नाही, नुसतं असू द्यायचं. काल तोंडात घेतलं, सोडलं, किंचाळलं. आज चार-पाच वेळा ओढलं. माझे हात शिवशिवतात, त्याचं डोकं धरून लावावं. म्हणून हात पाठीमागे बांधून बसते. सासू म्हणते, "बाय, शालेत हायेस का?" बाटली तिनेच माळ्यावर टाकली. वाटी-चमच्याने तीच पाजते, सांडते जास्त.
वजन गेल्या आठवड्याइतकंच. रंजनाला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले. तब्येत बरी आहे म्हणाले, दहा दिवसांनी परत आणा.

मंगळ. २१
आज बराच वेळ ओढत होता. रंजनाने एकदम विचारलं, "बाय, येतंय का गं?"
शंभर उत्तरं जिभेवर. म्हटलं, "तुला काय वाटतं?"
तिने कान लावला. खोलीत तेवढाच आवाज. "गिलतोय," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पिलून न्हाय ना बघनार?"
"न्हाय गं बाय."
हसली. किती दिवसांनी.
वाटीतलं दूध अजून चालूच आहे. शुक्रवारी वजन. काटा मी नेणार, लटकवणार मी. आकडा मात्र तिलाच वाचू देणार, जो असेल तो.