मापाला उभी

अण्णा, काल कपाट आवरताना तुमचं ते खाकी पाकीट हाती आलं. सुतळीची गाठ तुमचीच. इतकी वर्षं मी ती सोडली नव्हती.

तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात, आणि रविवारी द्वारका चौकाजवळच्या आपल्या खोल्यांमधून मला चालत जुन्या गल्लीत न्यायचात. एखाद्या घरासमोर फळी मांडीवर घेऊन बसलात की म्हणायचात, "मापाला उभी राहा." माझ्या उंचीवरून दाराची उंची कळावी म्हणून. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी उभी आहे, चौकटीवरची एकेक पाकळी तुम्ही खोडून पुन्हा काढता आहात, आणि माझी नुसती बाह्यरेषा. चेहरा कोरा. माझी इयत्ता तुम्ही चुकवायचात, पण कुठल्या तुळईवर किती मोर, ते तोंडपाठ. त्या दारांचा मी किती दुस्वास केला, ते तुम्हाला कधी कळलं नाही.

मी दहावीत होते त्या वर्षी नगरसेवकाने निवडणुकीआधी रस्ता रुंद करून द्यायचं कबूल केलं, आणि जपायच्या जुन्या घरांच्या यादीतून ती अख्खी गल्ली वगळायचं ठरलं. तो आपल्याकडे आला, चहा घेतला, हसत म्हणाला, "मास्तर, लोकांना संडास पाहिजे, तुम्हाला वेलबुट्टी."

"संडास मागे बांधा की," तुम्ही म्हणालात. "त्यासाठी दार कशाला पाडायला लागतं?"

त्याचं हसू गेलं.

हरकती द्यायच्या शेवटच्या दिवशी तुम्ही तापाने अंथरुणावर. रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज आणि सगळी चित्रं या पाकिटात बांधून माझ्याकडे दिलीत. पाचच्या आत नगरपालिकेच्या खिडकीवर दे, पोच घे. मी चारलाच पोचले होते. खिडकी उघडी होती. समोरच्या बाकावर पाकीट मांडीवर घेऊन बसले, आणि कारकुनाने खिडकी लावेपर्यंत उठले नाही. घरी येऊन सांगितलं, बंद झाली होती. "एवढ्या उन्हात धावत गेली असशील," म्हणालात, आणि स्वतः उठून मला पाणी दिलंत. पाकीट परत मागितलं नाहीत.

गल्ली पडली. तुमचे रविवार मला मिळाले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असायचात.

काल गाठ सोडली. ती दारं आता एवढ्या कागदांवरच उरली आहेत, प्रत्येकाशेजारी मी. हे पत्र त्यांच्यातच ठेवून पुन्हा सुतळी बांधेन. पण खरं सांगते, अण्णा, कागद उलटताना दारं मी नंतर पाहिली. आधी, एखाद्या तरी चित्रात तुम्ही माझे डोळे काढलेत का, ते शोधलं.