बिस्किटांचा चुरा परत पाठवत आहे

थोरल्या साडूसाहेबांना सप्रेम नमस्कार, आणि त्याहून सप्रेम नकार.

तुमची कंबर आणि ताईंचा आवाज दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. (आवाजाची खात्रीच आहे. काल ताई आमच्या हिच्याशी फोनवर बोलत होत्या, मी दोन तळी पलीकडे होतो, तरी "त्यांना मेलं कशाचं कौतुकच नाही" हे स्वच्छ ऐकू आलं.)

तर, कौतुक. तुमच्या कारखान्यातला बिस्किटांचा चुरा पोत्यांनी आला, फुकट आला, म्हणून मीही हुरळलो. (फुकट ते पौष्टिक, हा आपल्या सासुरवाडीचा जुना समज.) दोन महिने तिसऱ्या तळ्यातले मासे चुऱ्यावर ठेवले. अंगाने असे भरले, की तुम्ही रविवारी काठावर उभे राहून "माझे मासे" म्हणत फोटो काढून घेतलात. पण साहेब, मी एका सिमेंटच्या टाकीपासून इथवर आलो तो डोळ्यांच्या नाही, कानांच्या जोरावर. धडधाकट मासे खाद्यावर तुटून पडतात तेव्हा पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज होतो. तुमच्या चुऱ्यावर तो उतरत उतरत, दात गेलेले आजोबा सूप पितात तिथवर आला. मग मासे उताणे तरंगू लागले. आठवड्यात एक्केचाळीस!

माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी एक मासा चिरला. यकृत लोण्याच्या गोळ्यासारखं फिकं, आतड्यांभोवती चरबीचं लिंपण. "खायला काय घालता?" म्हणाल्या. मी म्हटलं, "बिस्किटं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि सोबत चहा?" मग समजावलं, की माशाला प्रथिनं लागतात, एवढा मैदा आणि साखर त्याला झेपत नाही, शिवाय उरलेला चुरा पाण्यात कुजतो आणि माशांचा श्वास कोंडतो.

चुरा त्याच दिवशी बंद केला. दाणेदार खाद्य सुरू, तेही मोजून. तीन आठवडे गेले, आणि परवा सकाळी तिसऱ्या तळ्यावर पुन्हा गारा पडल्या. पंप बंद करून मी नुसता ऐकत उभा राहिलो.

तेव्हा ताई रुसोत, सासूबाई अबोला धरोत, तुम्ही लग्नकार्यात माझ्याकडे पाठ करून बसा. मला खुशाल पाण्यात पाहा. पाण्यात चुरा मात्र पडणार नाही म्हणजे नाही. उरलेली पोती या टेम्पोतून परत येत आहेत.

आपला,
सगळं ऐकू येणारा, पण कुणाचंही न ऐकणारा
धाकटा साडू

ता. क. — पोती पंधरा उरली होती, उतरतील चौदा. कृपा करून मोजू नका. आल्याच्या बिस्किटांचं एक पंपाच्या खोलीत राहिलं आहे. ते माशांसाठी नाही. माणसाच्या यकृताची गोष्ट वेगळी असते. आमच्या हिच्या कानावर घालू नका.

ता. क. २ — भाऊजी, पत्र ड्रायव्हरला द्यायला यांनी माझ्याच हातात दिलं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी यांचं पोट दाबून पाहिलं आणि मला विचारलं, "खायला काय घालता?" पंधरावं पोतं मी स्वतः टेम्पोत चढवलंय. मोजून घ्या.